पाह्यलं की चुकलं

सरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये खाली पाहणं हा गुन्हा होता. उशिरा आलेलं त्यांना चालायचं, क्लासमध्ये समोसा खाल्लेला चालायचा, आणि एका मुलीने मैत्रिणीशी भांडता भांडता अख्खा उतारा टाइप केला तेव्हा तर त्यांनी तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. पण मान जरा झुकली, नजर की-बोर्डावर गेली, की सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे असले तरी लाकडी पट्टी टेबलावर आपटायची. "पाह्यलं! कोणीतरी पाह्यलं!" आणि खरोखरच कोणीतरी पाहिलेलं असायचं.

नव्या पोरींना वाटायचं, सरांना पाठीलाही डोळे आहेत. तसं काही नव्हतं बाप्पा. खाली पाहिलं की बोटांची लय तुटते, आणि ती तुटलेली लय सरांना ऐकू यायची. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं आणि ते वाक्य त्यांनी जिन्याखालच्या दारावर रंगवून घेतलं होतं: पाह्यलं की चुकलं. खालच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाया ते वाचायच्या आणि वर काय चालतं असा विचार करत पदर सावरून निघून जायच्या.

हो, गिरणी. आमची इन्स्टिट्यूट सक्करदऱ्यात, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची आणि पोरींची इंग्रजीची स्पीड आपोआप वाढायची. मी तिथे टायपिंग शिकायला गेले ते क्लार्कच्या जागा निघणार आहेत असं ऐकून. जागा अजून निघतातच आहेत. तोवर सरांनी मला शिकवायला ठेवून घेतलं आणि "मॅडम" करून टाकलं. नागपुरात माझ्यासारख्या किती मॅडम असतील देव जाणे.

टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तरी सरांचा की-बोर्डावरचा संशय गेला नाही. उलट वाढला. कारण कॉम्प्युटरचा की-बोर्ड चपटा, त्यावर चोरून पाहणं सोपं. म्हणून त्यांनी आमच्या काकूंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, प्रत्येक की-बोर्डासाठी एक कापडी झबलं शिवून घेतलं. दोन बाह्या, त्यातून हात आत घालायचे आणि झाकलेल्या की-बोर्डावर टाइप करायचं. काकूंनी जुन्या साड्या कापून ती झबली शिवली होती, त्यामुळे खोलीत ओळीने बारशाला आणल्यासारखे की-बोर्ड मांडलेले दिसायचे. आणि माऊस? माऊसचं नाव काढलं की सर म्हणायचे, "त्याले गणपतीजवळ ठेवा. अकरा दिवसांनी पाहू."

न पाहण्याचं हे व्रत त्यांनी क्लासपुरतं ठेवलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण सर सक्करदरा चौकही तसाच ओलांडायचे. हात पुढे, मान वर, नजर समोरच्या होर्डिंगवर. ऑटोवाले करकचून ब्रेक मारून तोंड सोडायचे आणि सर पलीकडे पोचून म्हणायचे, "पाह्यलं मॅडम? मी पाह्यलं नाही म्हणून त्यानं पाह्यलं." एकदा एक गाय मात्र सरांच्याच मताची निघाली. तिनेही पाहिलं नाही. आठवडाभर काकू सरांच्या कमरेला शेक देत होत्या.

लग्नाचाही किस्सा होताच. "मी काही तुमच्या काकूले पाह्याले गेलो नाही," सर मोठ्या अभिमानाने सांगायचे. "लोकं पोहे खात खात पोरी पाहतात. मी डायरेक्ट लग्नाले गेलो."

"म्हणून तं फसली मी," काकू दारातून म्हणायच्या. "मले वाटलं, नवरदेव लाजून राहिला."

तर असा हा माणूस. आणि त्याच्या टेबलावर त्याच्याइतकंच हट्टी एक मशीन. त्याला आम्ही "मोठं मशीन" म्हणायचो. परीक्षेच्या दिवशी पेपर आधी त्याच्यात उतरायचा आणि मग वायरीतून बाकीच्या कॉम्प्युटरवर जायचा. ते बसलं की सगळी परीक्षा बसली. आणि त्या उन्हाळ्यात ते रोज बसायला लागलं. दुपारी ऊन चढलं की पंखा घरघर करायचा, स्क्रीन थिजायची आणि मशीन आपलं आपण बंद. सरांनी उपाय काय करावा? खोलीतला एकुलता एक कूलर मशीनकडे वळवला. वाळ्याचा गारेगार वारा त्या लोखंडी डब्याला आणि आम्ही सगळ्या घामाने निथळत टाइप करतोय. "माणसाले घाम येते, तो सांगू शकते," सर म्हणाले. "मशीन बिचारी कोणाले सांगन?"

अशातच परीक्षा विभागाकडून फर्मान आलं. यंदापासून परीक्षेचं सॉफ्टवेअर नवीन. सोमवारी साहेब येऊन ते मोठ्या मशीनवर चालवून पाहतील. चाललं तर आमचं परीक्षा केंद्र राहील, नाही चाललं तर केंद्र बंद. मी सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. मशीनने सरळ सांगितलं की आपला प्रोसेसर जुना आहे, हे आपल्याने होणार नाही. सरकारी जागेवरच्या माणसाने इतकं स्पष्ट सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही.

केंद्र गेलं की इन्स्टिट्यूट गेली, यात काही शंका नव्हती. जिथे परीक्षा नाही तिथे कोण शिकायला येणार? प्रज्ञाच बघा. कामठीची पोरगी, घरी पॉवरलूम, बाप रात्रपाळीला आणि ही पहाटे उठून शेअर ऑटोने पहिल्या बॅचला हजर. तिने मला विचारलं, "मॅडम, सेंटर गेलं तं मले शहराच्या पार दुसऱ्या टोकाले, वाडीकडच्या सेंटरवर जा लागन काय? माझे बाबा नाही पाठवणार तिकडं." आणि सरांचं काय, हे तर मला विचारवतही नव्हतं. सकाळी सहाला दार उघडणं आणि रात्री झबल्यांच्या घड्या घालून दार लावणं, याशिवाय या माणसाला दुसरं काही येत नव्हतं.

नवीन मशीन घ्या म्हटलं तर सर भडकले. "काहून? डब्बा चांगला आहे, वायरी चांगल्या आहेत. मेंदू म्हातारा झाला, तं मेंदू बदलू." आणि खरं सांगायचं तर या वेळी त्यांचं बरोबर होतं. बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानदाराने सांगितलं की याच जातीचा जरा दमदार प्रोसेसर त्याच मदरबोर्डवर बसतो. त्याच्याकडे जुना पण चालू असा एकच तुकडा होता. बसवून द्यायला माणूस पाठवतो म्हणाला. माणूस आला, डब्ब्याकडे बघून म्हणाला, "उघडून पाहून सांगतो." संपलं! सरांनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. "पाहून सांगते तो कारागीर कसला, मॅडम? पाहून तं मीही सांगतो."

शेवटी तुकडा मीच दुकानातून घेऊन आले, तेव्हा दुकानदाराने मला बजावून सांगितलं होतं. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात बारीक सोनेरी त्रिकोण असतो, खाली बोर्डावरही तसाच असतो. "त्रिकोणाले त्रिकोण लावजा. जोर नका लावजा, तो आपोआप बसते. खालच्या पिना केसासारख्या असतात, वाकल्या की खेळ खलास." मी ते जसंच्या तसं सरांना सांगितलं. सर "हव, हव" म्हणाले.

शनिवारी सकाळी त्यांनी पोरींना टेबलाभोवती गोळा केलं. आज प्रात्यक्षिक! मशीनची वायर काढली, डब्ब्याची कूस उघडली, आणि आत काय? पीठ. गिरणीचं इतक्या वर्षांचं पीठ पंख्याच्या पात्यांवर, कोपऱ्याकोपऱ्यात. आठ-दहा पोळ्या आरामात लाटल्या असत्या. म्हणजे मशीन तापत होतं ते नागपूरच्या उन्हाने नव्हे, लोकांच्या गव्हाने. वरून आम्ही कूलरची ओली हवा सोडून त्याची कणीकच मळत होतो. काकूंनी ओठ दाबून ब्रशने सगळं झाडून काढलं आणि त्या घरी गेल्या.

मग सरांनी पंखा सोडवला, खालचा खटका वर केला, जुना प्रोसेसर उचलून ठेवला. तिथपर्यंत सगळं छान. नवा प्रोसेसर त्यांनी दोन बोटांत धरला, मान वर केली, छताच्या पंख्याकडे नजर लावली, आणि म्हणाले, "पाहा वं पोरींनो, म्हणजे पाहू नका. बोटाले सगळं समजते."

"सर, त्रिकोण," मी म्हटलं.

"समजते मॅडम."

बसेना. त्यांनी जरा फिरवला. बसेना. "नवीन घर आहे, लाजून राहिला," असं म्हणून त्यांनी अंगठ्याने दाबला. कर्र असा एवढासा आवाज आला. झबल्याचा दोरा तुटावा तेवढाच. पण खाली गिरणी नेमकी थांबली होती, आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

मी पोरींना घरी पाठवलं. प्रज्ञा जिन्यात रेंगाळली, तिलाही पाठवलं. मग मी प्रोसेसर अलगद उचलला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. एका कोपऱ्यातल्या पिना वादळात तुरी लोळाव्यात तशा आडव्या झालेल्या. दुकानात दुसरा तुकडा नाही, उद्या रविवार, परवा साहेब.

"पाहा काय केलं ते!" मी रागाने तो सरांच्या नाकासमोर धरला.

सरांनी मान तिरकी करून नीट निरखला. बराच वेळ. मग म्हणाले, "काही नाही झालं. दोन-तीनच वाकल्या आहेत. बाकी पिना सरळ दिसून राहिल्या."

मी हाताकडे पाहिलं. रागाच्या भरात मी प्रोसेसर उलटा धरला होता. त्यांच्या समोर वरची, गुळगुळीत पत्र्याची बाजू होती. तिथे एकही पिन नव्हती.

कूलरमधून पाणी ठिबकत होतं. मी प्रोसेसर टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सर, मी कोणत्या रंगाचा ड्रेस घातला आहे?"

सरांनी पट्टी उचलली, परत ठेवली. "काकूले सांगू नका," एवढंच म्हणाले.

"कधीपासून?"

"आता काय सांगू मॅडम. एकदम थोडीच जाते? आधी घड्याळाचे काटे गेले. मग पेपर गेला. माणसं आहेत अजून, पण धुक्यात असल्यासारखी. चालून राहिली की समजते कोण आहे ते."

"मोतीबिंदू आहे सर! आजकाल सकाळी करतात अन् दुपारी घरी पाठवतात. माझ्या मामाचा केला. एवढ्यासाठी तुम्ही चौकात गाईच्या अंगावर गेले?"

"ऑपरेशनचं नाही वं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला घरच्या मुलीसारखं "वं" म्हणाले. "लोकं काय म्हणतीन? जिंदगीभर सांगत आलो, पाहू नका, पाहू नका. आता म्हणतीन, याले दिसतच नव्हतं म्हणून न पाहणं शिकवत होता. माझं सगळं शिकवणं खोटं होईन ना?"

आणि मला, खरं सांगते, त्या क्षणी दया आली नाही. संताप आला. हा माणूस स्वतःच्या एका वाक्यासाठी आंधळा व्हायला तयार होता! आम्ही सगळ्या पोरी, काकू, ती कामठीहून येणारी प्रज्ञा, सगळे खड्ड्यात गेले तरी चालतील, पण दारावरची पाटी खरी ठरली पाहिजे. मी आवाज चढवला. सरांसमोर मी आवाज चढवल्याचं मला दुसरं आठवत नाही.

"ऐका. पिना मी सरळ करते. पण सोमवारी साहेब गेले की मंगळवारी तुम्ही माझ्यासंग डोळ्याच्या दवाखान्यात येता. कबूल असन तं सांगा, नाही तं हा तुकडा मी आत्ता खाली गिरणीत टाकते."

"टाकान काय खरंच?"

"पीठ करून आणते."

सर हसले. मग त्यांनी चष्मा पुसला, जसा काही त्याचा उपयोगच होता, आणि मान हलवली.

दुपारभर आम्ही खिडकीशी बसलो. काकूंच्या शिवणाच्या डब्यातली बारीक सुई माझ्या हातात, मोबाइलचा टॉर्च खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेला. एकेक पिन सुईच्या टोकाने उचलायची. जास्त उचलली तर तुटते, कमी उचलली तर खाली बसत नाही. मी घाई करायला लागले की सर म्हणायचे, "थांबा. श्वास सोडा. आता." टायपिंगला पहिल्या दिवशी म्हणायचे अगदी तसंच. एक ओळ झाली की ते बोटाचं पेर पिनांवरून हलकेच फिरवायचे. "इथली एक अजून झोपून राहिली आहे." मी पाहायचे, तर खरंच. मला नुसत्या डोळ्यांनी दिसली नसती आणि त्यांना नुसत्या बोटाने उभी करता आली नसती. काकू मध्येच चहा ठेवून गेल्या. काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

संध्याकाळी मी त्रिकोणाला त्रिकोण लावला. प्रोसेसर काही न करता, नुसता सोडला, तर आत जाऊन बसला. खटका खाली केला, दुकानदाराने दिलेली गरमी ओढणारी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी वर ठेवली, पंखा चढवला, वायर लावली. सरांनी बटण दाबलं. काळी स्क्रीन. काळीच. मग वर पांढरी अक्षरं उमटली.

"काय म्हणते?" सरांनी विचारलं. पहिल्यांदाच, उघडपणे.

"म्हणते, नवीन प्रोसेसर दिसतो आहे. पुढे जायचं असेल तर एफ वन दाबा."

सरांनी मान वर केली आणि एफ वन दाबलं. अचूक. त्यात मात्र काही म्हणायची सोय नव्हती.

सोमवारी साहेब आले ते उन्हाने लाल होऊन. आधी कैरीचं पन्हं प्यायले, मग आणखी एक ग्लास प्यायले, मग मोठ्या मशीनसमोर बसले. सॉफ्टवेअर उघडलं. झर्रकन. त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून बंद करून परत उघडलं. मागे प्रज्ञा हात झबल्यात घालून नुसती बसली होती, टाइप करायचंही विसरून गेली होती. साहेबांनी स्क्रीन सरांकडे वळवली. "केंद्राची माहिती बरोबर आहे का, सर, एकदा पाहून घ्या."

सर शांतपणे म्हणाले, "मी पाहत नसतो साहेब. पाह्याचं काम मॅडमचं आहे."

साहेबांनी दारावरची पाटी वाचली होती. ते खो खो हसले. "वा! ऐकलं होतं तुमच्याबद्दल. अशी तत्त्वाची माणसं राहिली नाहीत आता." आणि केंद्र मंजूर झालं. विक्षिप्त माणसाचं हे एक बरं असतं. त्याची अडचणही लोक तत्त्वात धरतात.

मंगळवारी मी सरांच्या घरी पोचले तर काकू पिशवी भरून तयार. टॉवेल, थर्मास, सरांचा सदरा. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण कशाले सांगन?" काकू म्हणाल्या. "हा माणूस आयुष्यभर भाजीतला कढीपत्ता वेचून ताटाच्या काठावर लावत आला. किती दिवसांपासून गिळून राहिला. मी वाट पाहून राहिली होती, कधी सांगते म्हणून." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "चला आता. आज तरी चौकात पाहून चाला."

एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं. बऱ्याच दिवसांनी डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा सर काळा चष्मा लावून जिना चढून आले. पहिली बॅच सुटली होती, दुसरी यायची होती. खोलीत मी एकटीच झबली गोळा करत होते. सरांनी चष्मा काढला आणि खिडकीपासून सुरुवात केली.

"ही भिंत पिवळी कोणी केली?"

"कोणी केली नाही सर. झाली."

"पंख्यावर काय आहे ते?"

"पीठ."

"अन् हे झबलं? ही तं काकूची लग्नातली साडी आहे!"

"हव. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही."

सर फिरत फिरत सगळ्या वस्तूंना हात लावत होते, आणि हात लावायच्या आधी पाहत होते. खुर्च्या, वायरी, मोठं मशीन. मग माझ्यासमोर येऊन थांबले. आधी सवयीने कान दिला, मग चेहऱ्याकडे वळले. कपाळ, केस, डोळ्यांखालच्या रेषा. पाहतच राहिले. मी झबलं हातात धरून तशीच उभी राहिले. मला वाटलं, आता पिनांबद्दल काहीतरी बोलतील, आभार मानतील, किंवा मानणार नाहीत.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "तुम्ही तं म्हाताऱ्या झाल्या वं."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

"झाले ना, सर," मी म्हटलं. "तुमच्यासमोरच झाले."